पाण्यातलं प्रोटीन आणि ताटातलं प्रोटीन

या खेपेला सांध्यांच्या पत्रांचा ढीग मोठा आहे, म्हणून थायरॉइडची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सोलापुरात एकतीस वर्षं लॅब चालवते. पेशंट मला क्वचित भेटतो, त्याच्या सांध्यातून काढलेलं पाणी मात्र नेहमी टेबलावर असतं. औषध कोणतं घ्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. पाणी काय सांगतं, तेवढं मी सांगते.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे. चार महिन्यांपासून तिची दोन्ही मनगटं, बोटांची पेरं आणि उजवा गुडघा सुजतो. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. गुडघ्यातून ३५ मिली पाणी काढलं, त्यात प्रोटीन ५.१ आलं. मागच्या वर्षी माझ्या मावशीच्या गुडघ्यातूनही पाणी काढलं होतं. तिचं प्रोटीन २.३ होतं आणि ‘झीज आहे’ एवढंच सांगितलं होतं. आईचं प्रोटीन दुपटीच्या वर गेलं म्हणून आम्ही घरात डाळ, मटकी, अंडी, दूध सगळं बंद केलं. दोन महिन्यांत तिचं वजन पाच किलोने उतरलं, सूज तशीच आहे. आणखी काय बंद करावं? रिपोर्टचा फोटो सोबत पाठवत आहे. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : काहीही बंद करू नका. उलट आज रात्रीच आईच्या पानात वरण वाढा. अंडं खात असतील तर तेही द्या, दूध सुरू करा. पत्र वाचल्यावर मी आधी हे वाक्य लिहून काढलं आणि मग रिपोर्टचा फोटो उघडला. पाच किलो वजन उतरणं ही मला त्या ५.१ पेक्षा जास्त काळजीची गोष्ट वाटते.

रिपोर्टमधलं प्रोटीन ताटातून आलेलं नाही. खाल्लेली डाळ पोटात पचते, तिचे बारीक घटक होतात आणि त्यांतून शरीर स्वतःला हवी ती प्रथिनं नव्याने घडवतं. गुडघ्याच्या पाण्यातलं प्रोटीन बहुतेक सगळं आईच्या रक्तातून उतरलंय, आणि ते इतकं उतरलंय कारण गुडघ्याच्या आतल्या अस्तराला सूज आहे. डाळ तोडून ती सूज उतरत नाही. उतरतो तो मांडीचा स्नायू, आणि दुखऱ्या गुडघ्याला आधार त्याच स्नायूचा असतो. अंगात अशी सूज असली की शरीर आधीच स्वतःचे स्नायू वापरायला लागतं, त्यात आपण खाणं तोडलं तर बाई दोन्हीकडून खंगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. पन्नास किलोच्या बाईला हे चाळीस ग्रॅमच्या वर जातं. नुसती भाकरी आणि पालेभाजी खाऊन तेवढं भरत नाही. किडनीचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

आता मावशीचे २.३ आणि आईचे ५.१.

निरोगी गुडघ्यातही पाणी असतंच. फार नाही, तीन-चार मिलीच्या आत, म्हणजे चहाचा चमचाही पुरता भरत नाही. अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून रक्तातलं पाणी गाळून येतं आणि अस्तराच्या पेशी त्यात हायलुरॉनिक ॲसिड हा चिकट पदार्थ व ल्युब्रिसिन नावाचं निसरडं प्रथिन घालतात. लोक ‘गुडघ्यातलं ग्रीस’ म्हणतात ते हेच. ही गाळणी मैद्याच्या चाळणीसारखी बारीक असते. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लहान असतं, ते थोडंफार खाली येतं. रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेनचा रेणू अल्ब्युमिनच्या पाचपट जड, तो वरच अडतो. म्हणून रक्तात दर १०० मिलीला ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं असली तरी निरोगी गुडघ्याच्या पाण्यात ती १ ते २ ग्रॅमच सापडतात. गुडघा झिजला की अस्तर जरासं चिडतं, पाणी वाढतं, प्रथिनं दोन-तीनपर्यंत जातात. मावशी इथे बसतात. सुजेच्या संधिवातात अस्तर जाड होतं, रक्तवाहिन्यांच्या फटी रुंदावतात, मैद्याच्या चाळणीची रव्याची चाळण होते आणि मोठमोठी प्रथिनंही खाली घसरतात. आईचे ५.१ इथले आहेत.

हा फरक मला मशिनआधी डोळ्यांना दिसतो. लाडवाचा पाक झाला की नाही हे आपण दोन बोटांत तार धरून बघतो ना, तसंच मी हातमोजे घालून सिरिंजच्या टोकाला एक थेंब सोडते. झिजेच्या गुडघ्याचं पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. थेंब सोडला की दोन-तीन सेंटिमीटर लांब तार धरतो आणि मगच तुटतो. सुजेच्या गुडघ्याचं पाणी गढूळ, अक्षरं पुसट दिसतात, आणि थेंब नळाच्या पाण्यासारखा टपकन पडतो. हायलुरॉनिक ॲसिडचे लांब धागे तुटलेले आणि पातळ झालेले असतात, त्यामुळे तार धरत नाही. असं पाणी साध्या नळीत ठेवून चहा पिऊन आलं तर नळीत विरजण लागल्यासारखी गुठळी दिसते, कारण एरवी वर अडणारं फायब्रिनोजेन आता त्यात आहे. निरोगी सांध्याचं पाणी गोठत नाही. म्हणूनच सुजलेल्या सांध्याचं पाणी पेशी मोजायला जांभळ्या टोपणाच्या नळीत घालावं लागतं, तिच्यात गोठू न देणारं ईडीटीए असतं.

एवढं सगळं असूनही ५.१ म्हणजे आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), असं मी एकदाही लिहून दिलेलं नाही आणि देणारही नाही. गाऊटच्या (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या आजाराच्या) झटक्यात, सोरायसिसच्या संधिवातात, टीबीच्या सांध्यात, पू झालेल्या सांध्यातही प्रोटीन तीनच्या वर, चार-पाचच्या घरात जातं. गाळणीची भोकं मोठी झाली एवढंच तो आकडा सांगतो. कोणी मोठी केली ते सांगत नाही. १९९० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात सांध्याच्या पाण्याच्या कोणत्या तपासण्या खरंच उपयोगी पडतात याचा पडताळा छापून आला. पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांत न्यूट्रोफिल या प्रकारच्या किती, या दोन गोष्टी कामाच्या ठरल्या. पाण्यातली साखर आणि प्रोटीन दिशाभूल करणारी निघाली. तरी आपल्याकडे छापील फॉर्मवर प्रोटीनचा रकाना आहे म्हणून तो भरला जातो, शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’ उमटतं आणि घरातली माणसं घाबरतात. तुमच्या घराचा यात दोष नाही. तो आकडा कोणीतरी तुम्हाला समजावून द्यायला हवा होता.

तुमच्या फोटोत त्याच पानावर खाली बघा. पांढऱ्या पेशी १८,५००, न्यूट्रोफिल ७८ टक्के, स्फटिक नाहीत, कल्चरमध्ये वाढ नाही. या चार ओळी त्या ५.१ पेक्षा मोलाच्या. निरोगी पाण्यात पेशी दोनशेच्या आत असतात, झिजेत दोन हजारांच्या आत. दोन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत सुजेचा संधिवात, आणि त्याच्या पुढे गेलं की जंतूंचा संशय आधी घ्यायचा. आईचे आकडे मधल्या गटात आहेत, मनगटं आणि पेरं दोन्हीकडे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. हे चित्र आमवाताकडे झुकतं. रक्तातल्या आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि सीआरपी या तपासण्या करून संधिवाततज्ज्ञांकडे न्या, आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नका. बार्शीहून सोलापूर लांब नाही.

घाई का करते ते सांगते. माझ्या आत्याला आमवात होता. मी शाळेत असताना तिची बोटं करंगळीच्या बाजूला वळत गेली. संक्रांतीला कासारीण घरी आली तेव्हा आत्याचा हात बांगडीतून जाईना. तेल लावलं, साबण लावला, प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून पाहिली. शेवटी तिनेच ‘राहू दे’ म्हटलं आणि पुन्हा कधी बांगडी मागितली नाही. तिच्या गुडघ्यातून तीन-चारदा पाणी काढलं आणि प्रत्येक वेळी ते बेसिनमध्ये ओतलं. आमवात आवरणारं मेथोट्रेक्सेट हे औषध तेव्हा संधिवाताला सर्रास मिळत नव्हतं. आज मिळतं, स्वस्त आहे, आणि पहिल्या काही महिन्यांत सुरू झालं तर पेरं वाकण्याआधी आजार आवरता येतो. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आईला सुरू झालं तर कॅलेंडरवर त्या वाराभोवती लाल गोल काढा. रोज घेतल्याने जिवावर बेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि एक गोष्ट बार्शीच्या पत्रापलीकडच्या सगळ्यांसाठी. एकच सांधा अचानक सुजला, लाल झाला, हात लावला तर भाजतो आणि अंगात ताप आहे, तर त्याच दिवशी पाणी काढून घ्या, आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी काढून घ्या. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यातून माझ्याकडे सोमवारी सकाळी एक सिरिंज आली. आत ताकासारखं घट्ट पांढुरकं पाणी. ते शनिवारी संध्याकाळी काढलेलं होतं. पेशंट ऊसतोडणीला जाणारा तरुण, वय सव्वीस. मधले दोन दिवस सिरिंज फ्रिजमध्ये पडून होती आणि त्याला नुसत्या वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. स्लाइडवर जंतूंचे द्राक्षासारखे घोस सरळ दिसत होते. तो वाचला, पण त्याचा गुडघा आता वाकत नाही. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कुर्चा खायला पू आठवडे घेत नाही, त्याला दिवस पुरतात. शनिवारी रात्री कोणी फोन केला असता तर मी लॅब उघडली असती.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला चालक, वय ६३. महिन्यापूर्वी रात्री दोन वाजता डाव्या पायाचा अंगठा असा ठणकायला लागला की पांघरूण सोसवेना. रक्तातलं युरिक ॲसिड ६.१, म्हणजे रिपोर्टप्रमाणे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, पुन्हा झटका आला तर सांध्यातलं पाणी काढून बघू. युरिक ॲसिड नॉर्मल असताना सुई कशाला? बायकोने तूरडाळही बंद केली आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सुई घ्या. झटक्याच्या ऐन भरात रक्तातलं युरिक ॲसिड पुष्कळांमध्ये नॉर्मल दिसतं. दोन-तीन आठवड्यांनी, ठणका पूर्ण गेल्यावर तपासलं की खरा आकडा कळतो. तुमचा महिना होऊन गेलाय, तेव्हा ते आत्ताच करून घ्या.

पाण्याचा एक थेंब मात्र वाद मिटवतो. १९६१ साली अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर या दोन डॉक्टरांनी गाऊटच्या सांध्याचं पाणी पोलराइज्ड प्रकाशाखाली ठेवलं आणि त्यांना युरेटचे सुईसारखे स्फटिक दिसले. आजही आम्ही तेच करतो. काळसर जांभळ्या मैदानावर बारीक टोकदार सुया चमकतात, कितीतरी सुया पांढऱ्या पेशींच्या पोटात आरपार घुसलेल्या असतात. स्लाइड एका बाजूला फिरवली की सुई पिवळी दिसते, काटकोनात फिरवली की निळी. दुसरा एक आजार आहे, गाऊटसारखाच वागणारा, त्यात कॅल्शियमचे आखूड, चौकटीसारखे स्फटिक असतात आणि त्यांचे रंग नेमके उलटे दिसतात. प्रोटीन मोजून या दोघांना वेगळं करता आलं नसतं.

प्रथिनांचा गाऊटशी संबंध नाही असं मात्र नाही. स्फटिकावर अँटिबॉडीचा थर बसला की पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. कोलेस्टेरॉल वाहणारी मोठी प्रथिनं त्याच स्फटिकावर बसली की पेशी शांत होतात. ही मोठी प्रथिनं सूज वाढल्यावरच रुंद झालेल्या फटींतून आत येतात. झटका आठ-दहा दिवसांत आपला आपण ओसरतो, त्यामागे जी कारणं आहेत त्यांतलं हे एक.

तूरडाळ परत सुरू करायला सांगा. २००४ साली अमेरिकेतल्या सुमारे ४७,००० पुरुषांचा बारा वर्षांचा हिशेब छापून आला. मटण-मांस आणि मासळी-कोळंबी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, डाळी-भाज्यांनी वाढला नाही, दूध-दही खाणाऱ्यांत तर कमी झाला. रत्नागिरीत राहून मासळी कमी करा म्हणणं मला जड जातं, पण सुरमई, कोळंबी आणि बिअर यांत हात आखडता घ्या. डाळीला दोष देऊ नका.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला आहे. आमवात, झीज आणि गाऊट यांच्या सांध्यातल्या पाण्यातली प्रथिनं यांची तुलना हा माझा प्रकल्प आहे. बारा-पंधरा नमुने घेऊन जेल चालवायचं ठरलंय. कोणती प्रथिनं बघू? आणि निरोगी माणसाचा नमुना कुठून आणू? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे सांध्याचं पाणी लोक नाइलाजाने तपासतात, तू ते आपणहून मागते आहेस.

निरोगी नमुन्याचा नाद सोड. प्रकल्पासाठी धडधाकट माणसाच्या गुडघ्यात सुई घालायला कोणतीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही, आणि द्यायलाही नको. त्यात निरोगी गुडघ्यात पाणी इतकं कमी की सुईला लागतच नाही. झिजेचे नमुने तुलनेला घे, पण प्रबंधात त्यांना ‘नॉर्मल’ म्हणू नकोस. ‘झीज’ असंच लिही. झिजेतही थोडी सूज असते, कुर्चेचे तुकडे पाण्यात येतात, आणि हा फरक न लिहिणारे प्रबंध मी बरेच वाचलेत. नमुने फक्त तेच घे जे डॉक्टर उपचारासाठी काढणारच आहेत, आणि पेशंटची सही त्याच्या भाषेत लिहिलेल्या कागदावर घे.

जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे निराश होणार नाहीस. सगळ्या नमुन्यांत ६६ किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) जागी अल्ब्युमिनचा एक जाडजूड पट्टा येईल, खालीवर अँटिबॉडीचे पट्टे येतील, आणि बाकी सगळं त्यांच्या सावलीत जाईल. आमवाताची लेन गडद, झिजेची फिकट. तेवढंच बघून ‘प्रथिनं वाढतात’ लिहिलंस तर बार्शीच्या त्या घरी जे झालं तेच तू कागदावर करशील.

तू एक वेगळा प्रश्न विचार. हे प्रथिन रक्तातून झिरपलं, की सांध्यात तयार झालं, की सांध्यात खर्ची पडलं? त्यासाठी प्रत्येक पेशंटचं पाणी आणि त्याच दिवसाचं रक्त, अशी जोडी हवी. पाण्यातलं अल्ब्युमिन भागिले रक्तातलं अल्ब्युमिन, ही तुझी पट्टी. एखाद्या प्रथिनाचं तेच गुणोत्तर अल्ब्युमिनपेक्षा खूप जास्त आलं तर ते सांध्यातच बनतंय. आकाराचा हिशेब धरूनही बरंच कमी आलं तर ते तिथे वापरलं जातंय. नुसता सांद्रतेचा आकडा घेतलास तर ज्याच्या गुडघ्यात पन्नास मिली पाणी भरलंय त्याचं सगळं पातळ दिसेल आणि तू फसशील.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कॉम्प्लिमेंटचं आहे. ही जंतूंवर हल्ला करणारी रक्तातली प्रथिनं. आमवातात रक्तात ती नॉर्मल किंवा जास्तच असतात. गाळणीची भोकं मोठी झालेली, बाकी सगळी प्रथिनं पाण्यात वाढलेली, म्हणजे कॉम्प्लिमेंटही वाढायला हवं. १९६० च्या दशकात मोजून पाहिलं तर ते उलट कमी निघालं. अँटिबॉडींचे पुंजके सांध्यातच साचत होते आणि कॉम्प्लिमेंट त्यांच्यावर खर्ची पडत होतं. आतड्याच्या किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या संधिवातात मात्र ते पाण्यात भरपूर सापडतं. दोन्हींत गढूळ पाणी, दोन्हींत एकूण प्रोटीन सारखंच, आणि आत दोन निरनिराळ्या गोष्टी चाललेल्या. मी एमडी करत असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. आजार कुठे चाललाय हे एका घटलेल्या आकड्याने दाखवून दिलं होतं.

सांध्यातच बनणाऱ्यांत दोन तुला परवडतील, दोन्हींचे एलायझा किट (ठरावीक प्रथिन मोजायचे संच) मिळतात. एक कॅलप्रोटेक्टिन. ते न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पेशींतून सुटतं आणि आमवातात झिजेपेक्षा पुष्कळ जास्त सापडतं. दुसरं एमएमपी-३, कुर्चेचं जाळं कापणारं विकर (एन्झाइम), सुजलेल्या अस्तराच्या पेशी बनवतात. यांच्या सोबतीला फायब्रिनोजेन घे, ते गाळणी किती फाटली हे दाखवेल. किटचा खर्च निघत नसेल तर एकच प्रथिन घे, पण जोडीने आणि नीट मोज.

पाण्यातल्या प्रथिनांचा पाठपुरावा करून कुठवर जाता येतं ते लंडनच्या केनेडी संस्थेत दिसलं. फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी आमवाताच्या अस्तरातल्या पेशी बशीत वाढवल्या. त्यांतून सुजेचे कितीतरी निरोप्ये सुटत होते. त्यांतल्या टीएनएफ या एकट्या प्रथिनाला अडवलं तर बाकीचेही खाली आले. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटना टीएनएफ रोखणारी अँटिबॉडी दिली आणि वर्षानुवर्षं आखडलेली माणसं जिना चढू लागली. २००३ साली दोघांना लास्कर हा वैद्यक संशोधनातला मोठा पुरस्कार मिळाला. टीएनएफ पाण्यात अल्ब्युमिनच्या मानाने इतकं नगण्य असतं, की जेलवर तुला ते कधीच दिसणार नाही.

हाताने करायच्या गोष्टी : नमुना ईडीटीएच्या नळीत घे, नाहीतर कॉम्प्लिमेंट नळीतच संपेल. तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या कर, नाहीतर मेलेल्या न्यूट्रोफिलमधली विकरं बाहेर पडून तुझी प्रथिनं कापतील. पाणी चिकट असतं, पिपेटला धड येत नाही, म्हणून हायलुरॉनिक ॲसिड तोडणारं हायलुरोनिडेज घालून पातळ कर, आणि सगळ्या नमुन्यांत सारखंच घाल. छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेव. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नकोस. आणि पेशी मोजताना पातळ करायला ॲसेटिक ॲसिड असलेलं द्रावण कधीही वापरू नकोस. रक्ताच्या सवयीने हात तिकडे जातो. सांध्याच्या पाण्यात ते पडलं की हायलुरॉनिक ॲसिड आणि प्रथिनं यांची नासलेल्या दुधासारखी गुठळी होते आणि पेशी तिच्यात अडकतात. गाइडना विचारून सोलापूरला यायचं ठरवलंस तर माझा मायक्रोस्कोप तुझाच समज.

प्रश्न : माझी सून ३४ वर्षांची. सात महिन्यांपासून तिचा एकच गुडघा सुजलेला आहे, फारसा ठणका नाही, संध्याकाळी कणकण येते. पाणी काढताना तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे निघाले. पाण्यात एडीए वाढलेलं आहे. एक डॉक्टर म्हणतात टीबी, दुसरे म्हणतात आमवात, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ. आता बायोप्सी सुचवली आहे, ती घाबरते आहे. (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : एडीए हेही एक प्रथिनच, लिम्फोसाइट पेशींतलं विकर. छातीत पाणी झालं की टीबी ओळखायला आपल्याकडे त्याचा चांगला उपयोग होतो. सांध्यात मात्र ते आमवातातही वाढतं आणि पू झाल्यावरही वाढतं. म्हणून तेवढ्यावर कोणत्याही बाजूने निकाल देता येत नाही, आणि तुमचे दोन्ही डॉक्टर त्याच एका आकड्याकडे बघत असतील तर दोघांचंही अर्धं बरोबर आहे. ते दाणेही दोन्हींत निघतात. फायब्रिन साचून, घासून गोल होतं, म्हणून तांदळासारखं दिसतं.

पण एकच सांधा, सात महिने, संध्याकाळची कणकण, आणि आपण महाराष्ट्रात राहतो. मी आधी टीबीचाच विचार करेन. टीबीच्या सांध्यात जंतू पाण्यात मोजकेच असतात, अस्तरात जास्त, म्हणून पाण्याची स्लाइड पुष्कळदा कोरी येते. अस्तराचा तुकडा मिळाला की एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि दुसरा भाग साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) जायला हवा. पूर्ण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर कल्चर करता येत नाही, आणि ही चूक वारंवार होते. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना हे तुम्ही स्वतः विचारा, त्यांना राग येणार नाही. सीबीनॅट सरकारी क्षयरोग केंद्रात मोफत होतं. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

तोपर्यंत गुडघ्यात स्टिरॉइड नको. आणि कोणी महागडं नवं इंजेक्शन सुचवलं, वर मी लिहिलेलं टीएनएफ रोखणारं, तर तेही आत्ता अजिबात नको. आमवातात जे प्रथिन सांधा जाळतं, तेच टीबीच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवतं. ते काढून घेतलं तर जंतू अंगभर पसरतात. म्हणूनच ही औषधं देण्याआधी प्रत्येकाची टीबीची तपासणी करतात.

सूनबाईंना सांगा, बायोप्सी दुर्बिणीतून होते, त्वचेवर दोन-तीन बारीक छेद असतात आणि बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी आधाराने चालत घरी जातात. टीबी निघाला तर गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, पण त्याने सांधा बरा होतो. तुकडा ज्या लॅबला जाईल तिथे ‘सात महिने, एकच गुडघा, एडीए वाढलेलं, तांदळासारखे दाणे’ एवढं फॉर्मवर लिहायला लावा. बहुतेक फॉर्मवर नुसतं ‘गुडघेदुखी’ लिहून येतं.